बाबांच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, छातीतल्या जळजळीचं ऑपरेशन होऊनही सकाळची आम्लाची गोळी सुटली नाही म्हणून मन खट्टू करू नका. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घातले, त्यानं आम्ल वर येऊ देणारी ढिली झडप आवळली गेली. आम्ल तयार होणं मात्र थांबलेलं नाही. पॅन्टोप्राझोल ४० ही आम्ल कमी करणारी सकाळची गोळी ठेवली आहे ती हृदयाच्या ॲस्पिरिनपासून पोट सांभाळायला. उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी, अख्खी गिळायची. घास अडकतो म्हणून ती कुटू नका. वरचं आवरण फुटलं की आम्लातच तिचा नास होतो.

संध्याकाळची बंद केली, ती मनानं सुरू करू नका. वर्षानुवर्षांची गोळी कमी केली की काही आठवडे आम्ल उसळतं. ते ओसरतं. त्रास खरंच उलटतो तो थोड्यांचा: स्वीडनच्या २,६५५ रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) साधारण १८ टक्क्यांचा, आणि त्यातल्या बहुतेकांचं गोळ्यांवर भागलं. जळजळ राहिलीच तर आधी दुर्बिणीची आणि २४ तासांची आम्लाची तपासणी, मग गोळी. ऑपरेशननंतर पुन्हा गोळ्या घेणाऱ्या पुष्कळांच्या तपासणीत आम्ल वर येताना दिसतच नाही. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची दुखण्यावरची गोळी तर अजिबात आणू नका.

आई, आतल्या सुजेमुळे घास अडकणं सहा-आठ आठवडे चालतं. सध्या भाकर नुसती नको. वरणात कुस्करून, बोटांत दाबली तर गाठ लागू नये इतकी मऊ कर. एका वेळी वाटीभरच, दिवसातून पाच-सहा वेळा. ढेकर नीट येत नाही, पोट फुगतं, म्हणून सोडा आणि कोल्ड्रिंक बंद. ठेचाही राहू दे.

फवारणीचा पंप दीड महिना पाठीवर घ्यायचा नाही, बाबा. १६ लिटरचा भरला की वीस किलोच्या घरात जातो, आणि पोटावर ताण आला की गुंडाळी सरकते. उलटीच्या उमाळ्यांनीही तेच होतं, तेव्हा मळमळताच डॉक्टरांना फोन करा.

पाणीही उतरेना, शौच डांबरासारखी काळी झाली किंवा छातीत दाबून घाम फुटला, तर गॅस समजून थांबू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा, मग मला.

तुमची लेक