दोन मध्यम एकदम

जर्सी सिटी, न्यू जर्सी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस, तिकडचं असं काही आहे का जे मी ऐकावं? आहे. अमेरिकन जाझ पियानोवादक थेलोनियस मंकची ‘अग्ली ब्यूटी’ ही रचना. दादाच्या फोनवर पाठवली आहे. शिकवण्या आटोपल्या की निवांत ऐक.

मंकने ती १९६७च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित केली, पन्नाशीत. ही आहे वॉल्ट्झ. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा ठेका, तुझ्या कानाला अर्धा दादरा वाटेल. मूळचा तो युरोपातला, जोडीने गिरक्या घेत नाचायचा. मंकने आयुष्यभरात तीन मात्रांत एवढी एकच रचना केली, आणि तीही अशी की कुणाला नाचावंसं वाटू नये. संथ आहे, उदास आहे. चार्ली राउझ सॅक्सोफोनवर चाल धरतो, बेन रायलीचे ड्रम हलकेच सोबत करतात, आणि मंक मध्येच पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबतो.

तिथे तू दचकशील. बंद मात्र करू नकोस गं!

पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, निघत नाही ही तुझी तक्रार. आकाशवाणीने तर तेवढ्यासाठी कितीतरी वर्षं पेटीला दारच बंद केलं होतं. पियानोचंही तेच दुखणं. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर त्यावर नाहीच. मग मंक दोन्ही स्वर एकत्र वाजवतो, ते एकमेकांवर घासतात, आणि कान आपोआप मधली जागा शोधू लागतो. गळ्याने सहज घेता येणाऱ्या जागेकडे तो पियानोला असा ओढत नेतो. लोक त्याला बेसूर म्हणाले. मला त्यात विलक्षण नेमकेपणा ऐकू येतो, कारण तसे स्वर तो कुठेही टाकत नाही. चाल गोड होऊ लागली की तिथेच टाकतो.

तूच शिकवलंस ना, विवादी, म्हणजे एरवी रागात न चालणारा, स्वर जागा बघून लावला तर राग खुलतो. आणि ललित रागात तर शुद्ध आणि तीव्र मध्यम, म्हणजे दोन्ही ‘म’, शेजारी शेजारी येतात, तरी पहाटे तू गायला लागलीस की त्यात खटकण्यासारखं काही आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. आपण ते एकामागून एक घेतो, मंक एकाच वेळी. फरक एवढाच, असं मला वाटतं.

एक कर. तुझ्या पेटीवर ललितचे दोन्ही मध्यम एकदम दाब आणि थोडा वेळ धरून ठेव. मग मंक पुन्हा ऐक आणि काय वाटलं ते सविस्तर कळव. आवडलं नाही तरी कळव, पण का ते लिही.

काकांना नमस्कार.

तुझी,
मनू