मायनस खोडायच्या नियमाने ग्राफ चुकतात

मा. संपादक, स.न.वि.वि.

केवल मूल्य (दोन उभ्या रेघांत लिहितात ते, |एक्स| असं) म्हणजे 'मायनस असेल तर खोडून टाका', एवढंच सांगून शिक्षक बीजगणितात पुढे जातात, त्याबद्दल लिहितोय. परवा भाचीची वही बघितली. वाय = |एक्स − ३| चा ग्राफ काढायचा होता, तिने एक्सला ०, १, २ दिलं, वाय आला ३, २, १, तिन्ही ठिपके एका रेषेत बसले म्हणून पट्टी लावून जी रेघ ओढली ती थेट एक्स अक्षाच्या खाली! वाय मायनस होऊ शकत नाही हे तिला पाठ होतं बरं का. काही मुलं तर आतलं मायनस बदलून सरळ एक्स + ३ करतात, नियमच तसा सांगितला तर त्यांचा काय दोष?

अहो, |एक्स − ३| म्हणजे संख्यारेषेवर एक्स ३ पासून किती लांब आहे ते अंतर. ३ वर अंतर ०, तिथून डावीकडे एक घर जा नाहीतर उजवीकडे, अंतर १च. झाला की इंग्रजी व्हीसारखा ग्राफ तयार! आत मायनस असून ग्राफ उजवीकडे का सरकतो हा सगळ्यात छळणारा प्रश्नही इथेच सुटतो, कारण |एक्स + ३| हे −३ पासूनचं अंतर, म्हणून तो डावीकडे. उभ्या रेघांची ही खूण जर्मन गणिती वायरस्ट्रासने १८४१ मध्ये वापरली, तिच्यात अंतर कुठे दिसत नाही हे मान्य, म्हणून तर ते तोंडाने सांगायला हवं.

|२एक्स − ६| ला मुलं व्हीचं खालचं टोक ६ वर धरतात. आतलं शून्य होतं एक्स ३ असताना, म्हणजे टोक तिथेच, फक्त बाजू दुप्पट चढाच्या.

तेव्हा टेबल भरायच्या आधी आतलं शून्य करणारी किंमत काढायला लावा, ती मधोमध ठेवून दोन्हीकडे दोन-दोन किंमती घ्या, पाच ठिपक्यांत काम होतं. आणि टोक टोकदारच हवं, पॅराबोलासारखं गोल काढलं तर खुशाल मार्क कापा.

|एक्स − ३| + २ = १ हे गणित दिलं की मुलं पानभर आकडेमोड करत बसतात, उत्तर मात्र येत नाही. ग्राफ काढला असता तर व्हीचं टोक २ च्या उंचीवर आणि १ ची आडवी रेघ त्याच्या खाली, दोघं भेटणार कुठे?

आपला,
एक वाचक