बॅटरी न तपासताच मदरबोर्ड खराब ठरवलेल्या फोनबाबत तक्रार

दिनांक : २४ जून २०२४
नागपूर

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मोबाइल कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय

विषय : आपोआप बंद पडणाऱ्या फोनची बॅटरी न तपासता मदरबोर्ड (फोनमधला मुख्य सर्किट बोर्ड) खराब असल्याचा शेरा मारून फोन परत केल्याबाबत.

संदर्भ : आपल्या बर्डीवरील (सीताबर्डी) अधिकृत सर्व्हिस सेंटरची १ जून २०२४ ची जॉबशीट.

महोदय / महोदया,

मी नागपुरात नंदनवन भागात राहतो. कूलर, पंखे आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करण्याचं काम एकवीस वर्षांपासून करतो. तुमच्या कंपनीचा फोन मी २०२० च्या दसऱ्याला १५,९९९ रुपये रोख देऊन घेतला. साडेतीन वर्षं त्याने चांगली साथ दिली, हे आधीच सांगतो. फोन वाईट निघाला अशी माझी तक्रार नाही. वॉरंटी कधीच संपली आहे, तेव्हा मला काही फुकटही नको. माझी तक्रार आहे ती दुरुस्तीच्या नावाखाली मला जे सांगितलं गेलं त्याबद्दल.

मार्चच्या शेवटी सक्करदऱ्याला एका गच्चीवर मी कूलरच्या पंपाचा फोटो काढत होतो. फ्लॅश पडला आणि फोन बंद. तेव्हा बॅटरी ३८ टक्के होती. बटण दाबलं की कंपनीचं नाव यायचं आणि पडदा पुन्हा काळा. घरी येऊन चार्जर लावला तर लगेच सुरू झाला आणि बॅटरी ३६ टक्के दाखवली. म्हणजे चार्जिंग संपलेलं नव्हतं. नंतर हे वरचेवर होऊ लागलं. लोक सांगतात ते सगळं मी करून पाहिलं. मेमरी रिकामी केली, अपडेट टाकला, फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून फोन पूर्ण रिसेट केला. बाहेरच्या कव्हरमुळे पॉवरचं बटण दाबलं जातं का, म्हणून कव्हर काढून आठ दिवस वापरला. काही फरक पडला नाही.

मग १ मेपासून वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. कोणाकडची मोटर कधी रिवाइंड केली, कोणता कंडेन्सर टाकला, हे मी एरवीही लिहून ठेवतो, त्यामुळे सवय होतीच. २८ मेपर्यंत फोन २३ वेळा बंद पडला. त्यात ९ वेळा फ्लॅशने फोटो काढताना, ८ वेळा बोलता बोलता, ४ वेळा पैसे घ्यायला गिऱ्हाइकापुढे स्कॅनर उघडताना, आणि २ वेळा नुसता खिशात असताना. चार्जर लावलेला असताना एकदाही नाही. एका रात्री चार्जरवर ठेवून, उजेड पूर्ण वाढवून तासभर व्हिडिओ चालवला, वर फ्लॅशने पंधरा-वीस फोटो काढले. फोन हललासुद्धा नाही.

यातून काय कळतं ते माझ्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत अजून अशी वायरिंग आहे की पाण्याची मोटर सुरू केली की बल्ब पिवळा पडतो. एकटा बल्ब नीट जळतो, लोड आला की व्होल्टेज बसतं. जुन्या लिथियम बॅटरीचंही तेच. तिच्यात चार्ज असतो, पण वयाने आणि उन्हाने तिचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढलेला असतो. फ्लॅश, कॅमेरा, नेट असा एकदम ओढा आला की तिचं व्होल्टेज क्षणभर इतकं खाली जातं की फोनमधली संरक्षणाची यंत्रणा सगळं बंद करते. ओढा थांबला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून चार्जर लावल्याबरोबर पुन्हा ३६ टक्के दिसतात. चार्जर लावलेला असताना लोडचा मोठा हिस्सा तो उचलतो, म्हणून तेव्हा फोन पडत नाही. माझ्या वहीतल्या २३ नोंदी आधी बॅटरीकडेच बोट दाखवतात.

२६ मेच्या दुपारचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांचा, दुसरा दिवस होता. त्रिमूर्तीनगरहून एका आजींचा फोन आला. घरी एकट्याच असतात, तीन उन्हाळे मीच त्यांचा कूलर लावून देतो. म्हणाल्या, "भाऊ, कूलरले हात लावला तं झिणझिण्या येऊन राहिल्या." मी म्हणालो, "आजी, हात लावू नका, आधी..." आणि फोन बंद झाला. बॅटरी ४१ टक्के होती. मला सांगायचं होतं की पायात चप्पल घाला, बोर्डावरचं मेन बटण खाली पाडा आणि पाण्यात पाय देऊ नका. कूलरच्या लोखंडी बॉडीत करंट उतरून माणसं गेल्याच्या बातम्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. मी गाडी काढली आणि त्या उन्हात नंदनवनहून त्रिमूर्तीनगरला अर्ध्या तासात पोचलो. शेजारच्या मुलाने प्लग काढून ठेवला होता, आजी खाटेवर बसून होत्या. मला पाहून म्हणाल्या, "तुम्ही फोन कापला, मले वाटलं रागावले." तो अर्धा तास मी अजून विसरलो नाही. फोन ही माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही.

२९ मे रोजी मी सगळी कामं सोडून तुमच्या बर्डीवरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. टोकन घेऊन दोन तास बसलो. काउंटरवरच्या ताई नीट बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी वही दाखवली, ती त्यांनी पाहिली नाही. फोनचं मागचं झाकण डाव्या कडेला उचललं गेलं आहे, नख आत जाईल एवढी फट पडली आहे, हेही दाखवलं आणि बॅटरी फुगल्यासारखी वाटते, असं बोललो. जॉबशीटवर मात्र "फोन आपोआप बंद होतो" एवढंच लिहिलं गेलं. तपासणीचे २९९ रुपये घेतले. १ जूनला फोन परत मिळाला. शेरा होता, "मदरबोर्ड खराब, बदलावा लागेल, अंदाजे खर्च ९,८५० रुपये". सोबत तोंडी सल्ला, की एवढा खर्च करण्यापेक्षा हा फोन एक्स्चेंजमध्ये द्या आणि नवीन घ्या.

मी विचारलं, "दुसरी चालू बॅटरी लावून पाहिली का?"

उत्तर आलं, "सर, हे मॉडेल जुनं आहे, याची बॅटरी आमच्याकडे स्टॉकमध्ये नाही."

माझी सगळी तक्रार या एका उत्तरात आहे. तुमच्याकडे बॅटरी नव्हती, म्हणजे बॅटरी बदलून पाहिलीच गेली नाही. मग मदरबोर्ड खराब आहे हे ठरलं कशावरून? कोणती चाचणी केली, काय रीडिंग आलं, हे जॉबशीटवर कुठेच नाही. माझ्याकडे बंद पंखा आला तर मी आधी कंडेन्सर बदलून पाहतो. तो काही रुपयांचा असतो. कंडेन्सर न बदलताच वाइंडिंग जळालं असं सांगून मी गिऱ्हाइकाकडून हजार रुपये घेतले, तर त्या मोहल्ल्यात मला पुन्हा कोणी उभं करणार नाही आणि ते बरोबरच आहे. बोर्डातही दोष असू शकतो, हे मी नाकारत नाही. पण आधी बॅटरी बदलून बघा, तरी फोन पडला तर बोर्डाकडे वळा, हा क्रम शिकाऊ पोरालाही माहीत असतो.

याहून गंभीर गोष्ट फुगलेल्या झाकणाची आहे. लिथियम बॅटरी फुगते म्हणजे तिच्या आत वायू तयार झालेला असतो. अशी बॅटरी दाबली, वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. तिला चार्ज करू नये, हे तुमच्या तंत्रज्ञांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असलं पाहिजे. मी दाखवूनही त्यांनी त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही आणि तोच फोन शर्टाच्या खिशात घालून मला परत पाठवलं. १ जूनपासून मी तो वापरणं आणि चार्जिंगला लावणं बंद केलं आहे. घरात लहान मुलगी आहे, म्हणून फोन गॅलरीत मातीच्या कुंडीत ठेवला आहे. सध्या भावाचा साधा बटणाचा फोन वापरतो. गिऱ्हाइकं फोटो पाठवतात ते मला दिसत नाहीत आणि पैसे रोखीने घ्यावे लागतात.

बर्डीवर मोदी नंबर २ च्या गल्लीतही मी विचारून आलो. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाने झाकणाची फट पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरीच गेली. पण कंपनीची ओरिजनल आम्हाला मिळत नाही, कॉपी लावून देतो, सातशे घेईन." त्याच्या कामाबद्दल मला शंका नाही. पण ज्या बॅटरीवर कोणाचं नाव नाही, ती या उन्हात चोवीस तास छातीशी बाळगायला मन धजत नाही. ओरिजनल बॅटरी द्यायला तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

तुमच्या टोल फ्री क्रमांकावर मी तीनदा बोललो. दर वेळी नवीन माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. ८ जूनला मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं असून ती बंद करण्यात येत आहे. माझं समाधान झालेलं नाही. ही नोंद खोटी आहे आणि ती दुरुस्त व्हावी.

फोन उन्हात वापरला म्हणून बॅटरी गेली, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे. तुमच्या माहितीपुस्तिकेत फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं बारीक अक्षरात छापलं आहे, ते मी आता वाचलं. नागपुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि पुष्कळदा ४५ च्या आसपास जातो. ही गोष्ट फोन विकणाऱ्या कंपनीला माहीत असते. बर्डीवर, धरमपेठेत, इतवारीत तुमचे फोन भर उन्हाळ्यात विकले जातात, तेव्हा कोणी हे वाक्य वाचून दाखवत नाही. उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते हे मला मान्य आहे. म्हणूनच ती बदलून मिळण्याची सोय आमच्या भागात जास्त हवी.

जुन्या बॅटरीने फोन अचानक बंद पडतो, हे फोन बनवणाऱ्यांना नवीन नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने जाहीरपणे मान्य केलं होतं की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून ती त्यांचा वेग कमी करत होती. त्यानंतर तिने बॅटरी बदलण्याचा दर कमी केला, भारतात तो ६,५०० वरून २,००० रुपयांवर आला. बॅटरी बदलली की फोन पुन्हा नीट चालतो, हे तेव्हा लाखो लोकांनी पाहिलं. युरोपात तर पुढच्या वर्षी, २० जून २०२५ पासून, नियम लागू होतो आहे की फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षं त्याचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. माझा फोन अजून चार वर्षांचाही झालेला नाही.

मला तुमच्याकडून हवं आहे ते असं. या मॉडेलची ओरिजनल बॅटरी मागवून, तिची किंमत आणि मजुरी आधी लेखी कळवून, ती माझ्या फोनमध्ये बसवून द्यावी. रास्त किंमत मी देईन. बॅटरी बदलल्यावरही फोन बंद पडला तर बोर्डाची काय तपासणी केली आणि त्यात काय आढळलं ते जॉबशीटवर लिहून द्यावं, मग बोर्डाचं काय करायचं ते मी ठरवीन. जी तपासणी झालीच नाही तिचे २९९ रुपये परत करावेत. काढलेली फुगलेली बॅटरी तुमच्याकडेच जमा करून घ्यावी आणि तशी पावती द्यावी, कारण ती कचऱ्यात टाकायची वस्तू नाही. आणि यापुढे कोणी फुगलेल्या झाकणाचा फोन घेऊन तुमच्या कोणत्याही सेंटरवर आला, तर ते जॉबशीटवर लिहिलं जाईल आणि त्याला धोका सांगितला जाईल, अशी लेखी सूचना सेंटरांना द्यावी. या शेवटच्या मागणीत माझा स्वतःचा काही फायदा नाही, तरी ती मी सोडणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस मी वाट पाहीन. त्यात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहकाला आवश्यक ती माहिती जाणूनबुजून न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मी विचारून घेतलं आहे. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. उन्हाळा संपला, आता मोटरींचं काम सुरू होईल आणि मला फोन हवा आहे.

सोबत खरेदीचं बिल, २९९ रुपयांची पावती, १ जूनची जॉबशीट, १ ते २८ मेच्या नोंदी असलेली वहीची चार पानं, तक्रार बंद केल्याचा मेसेज आणि झाकणाच्या फटीचे दोन फोटो जोडले आहेत. सगळ्या झेरॉक्स प्रती आहेत, मूळ कागद माझ्याकडे आहेत. माझं नाव, पत्ता आणि फोनचा आयएमईआय क्रमांक जॉबशीटवर आहे. तिथे लिहिलेला नंबर आता भावाच्या फोनमध्ये आहे. दुपारी एक ते तीन या वेळात केला तर मी नक्की उचलतो, बाकी वेळ शिडीवर असतो.

आपला ग्राहक,
(सही)
कूलर, पंखे व मोटर दुरुस्ती
नंदनवन, नागपूर