रात्री दोनला अजून जाग येते

महोदय,

पक्षाघातानंतर माझ्या सासूबाई साडेचार वर्षं अंथरुणावर होत्या. यंदा श्रावणात गेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, त्यासाठी रात्री दोनचा आणि चारचा गजर. गजर बंद केला, जाग मात्र येतेच. त्यांच्या खोलीत जाते, तर हवेच्या गादीच्या पंपाची घरघर नाही. मग दारातच उभी राहते.

बाराव्याला कुणीतरी म्हणालं, "सुटल्या बिचाऱ्या, आणि तूही सुटलीस गो." राग आला, कारण त्यात थोडं खरं होतं. सुटल्यासारखं वाटलं होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. हे बोलायचं कुणाशी? नवरा स्वतःच गप्प. सुतकामुळे चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधली नाही. कुठलं फळ कुठे बांधायचं, हे त्या पलंगावरून एका हाताने खुणावत.

नळी बदलायला येणारी नर्स त्या गेल्यावर यायची थांबली, ते साहजिकच. पण मन मोकळं करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक २०२२ पासून आहे, हे मला दोन महिन्यांनी भाचीकडून कळलं. मृत्यूच्या दाखल्यासोबत तो छापून देता येणार नाही का? दाखला आणायला तर प्रत्येक घरातून कुणीतरी जातंच.

गादी धुऊन, वाळवून ठेवली आहे. शेजारच्या वाड्यावर एकांना हवी आहे. या आठवड्यात देईन म्हणते.

– एक सून, डिचोली