अतिशयोक्ती नव्हे, मनगटाचं माप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. जुन्या प्रेमकवितेत चंद्र, चंदन, कोकिळा आणि वाटेल ती अतिशयोक्ती असते, खरं दुःख साध्या शब्दांत सांगता येतं, असा त्याचा सूर होता. वाचून वाईट वाटलं. मी मराठी घेऊन बी.ए. केलं आणि गेली २६ वर्षं साताऱ्यात सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान सांभाळते, म्हणून बांगड्यांपासूनच सुरुवात करते.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र हे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी आपल्या व्याकरणात अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या भाषेचे नमुने म्हणून बरेच दोहे दिले आहेत. त्यातला एक असा: नवरा परगावी गेलेली बाई कावळा उडवतेय आणि अचानक नवराच समोर दिसतो. अर्ध्या बांगड्या जमिनीवर पडल्या, अर्ध्या तडकन फुटल्या. दोहा एवढाच. विरहाने हात इतका वाळला होता की नुसता हलवताच बांगड्या गळाल्या. आणि त्याला पाहून अंग असं भरून आलं की उरलेल्या बांगड्या मनगटात मावेनात. दुःख हा शब्द त्यात नाही, आनंद हाही नाही.

याला अतिशयोक्ती म्हणावं, तर हे मनगट मी हातात धरलेलं आहे. आमच्या गिऱ्हाइकांतली एक बाई, नवरा आखातात कामाला. लग्नापासून तिचं माप दोन-सहा, म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर सहा सोळांश. हात दाबून, अंगठा आत घेऊन बांगडी चढवावी लागायची. एका श्रावणात ती हिरव्या बांगड्या भरायला आली, तर दोन-सहाची बांगडी सरळ कोपराकडे गेली. त्याहून लहान, दोन-चार मापाची काढली, तीही सैलच. या दोन मापांत इंचाच्या आठव्या भागाचा फरक असतो. ती म्हणाली, "ताई, आता बांगड्या मोठ्या यायला लागल्या का हो?" मी काहीच बोलले नाही. घरी आल्यावर तो दोहा आठवला आणि रडू आलं.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट सरळ शब्दांत तोंडातून निघत नाही, म्हणून बायकांनी ती अशी वळवून घेतली. कवी तरी दुसरं काय करतो?

हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या, मराठीच्या पूर्वज भाषेतल्या सातशे गाथा, आपल्या गोदाकाठच्या. त्यातली एक बाई नवरा गेलेले दिवस भिंतीवर रेघा ओढून मोजते. "आज गेला, आज गेला, आज गेला" म्हणत रेघ ओढते, आणि पहिल्याच दिवशी अर्धा दिवस सरायच्या आत भिंत रेघांनी भरून जाते. एक दिवस केवढा मोठा झाला, हे याहून साध्या शब्दांत कुणी सांगून दाखवावं.

आता चंद्र-चंदनाचं. ज्ञानेश्वरांच्या विराणीत, म्हणजे विरहगीतात, चंदन आहे, पण कसं? "चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी." फुलांची शेज आहे, तीही आगीसारखी पोळते. जे थंडावा देणार म्हणून सगळ्यांनी धरलेलं, तेच भाजतंय. आणि शेवटी तिला आरशात स्वतःचं रूपच दिसत नाही. हाक देवाला आहे हे खरं, पण अंग पोळतंय ते बाईचं. दुसऱ्या विराणीत ती कावळ्याचे पाय सोन्याने मढवून देते म्हणते, दहीभात भरवीन म्हणते. त्याने फक्त पाहुणा येतोय एवढं सांगावं. दोह्यातलीने उडवला तो हाच कावळा असेल, असं मला नेहमी वाटतं.

दर फेब्रुवारीत भेटकार्डांवर येणारी काचेसारखी तुटलेली हृदयं मलाही नकोशी होतात. तिथे शब्द उचललेले असतात, कुणी काही पाहिलेलं नसतं. पण त्यांचा राग या बायकांवर निघू नये.

माझी मुलगी दहावीत 'अलंकार ओळखा' हा प्रश्न सोडवायची. अतिशयोक्ती लिहिलं की मार्क मिळे आणि कविता तिथेच संपे. म्हणून एक विनंती: रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक गाथा अर्थासह छापावी. गाथा दोनच ओळींची असते, जागा फार लागणार नाही. कात्रण मी दुकानात आरशाशेजारी लावीन. बांगड्या भरायला आलेल्या बायकांना हात पुढे करून बराच वेळ बसावं लागतं, त्या वाचतील.

आपली,
एक वाचक, सातारा