दारांइतकाच खजिनाही पाहावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील चीन व जपानच्या जुन्या राजवटींवरील लेख आवडीने वाचला. मात्र दोन्ही देशांनी दारे लावून घेतली आणि युरोपीय आरमारे येईपर्यंत तेथे काही हललेच नाही, हा त्यातला सूर पटला नाही. जपानचे लष्करी सत्ताधीश असलेल्या तोकुगावा शोगुनांनी १६३० च्या दशकात परदेशसंपर्कावर निर्बंध घातले हे खरे. पण नागासाकीत डच आणि चिनी व्यापारी येतच होते आणि त्सुशिमा बेटामार्फत कोरियाशीही व्यवहार चालू होता. शिवाय राज्य कसे चालले होते हे बंदरावरून जितके कळते, त्याहून अधिक महसुलाच्या वहीवरून कळते.

१७२२ हे एकच साल घ्या. त्या वर्षाअखेरीस चीनचा कांग्शी बादशहा वारला आणि त्याचा मुलगा योंगझेंग गादीवर आला. डोईपट्टीचा आकडा वडिलांनी १७१२ मध्येच कायमचा गोठवून ठेवलेला. जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याचा ठरीव पगार वर्षाला अवघा ४५ लियांग चांदी (एक लियांग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम), आणि खासगी कारकून-सल्लागारांचा खर्चही त्याच्याच माथी. तेव्हा रयतेने भरलेली सुटी चांदी वितळवून लगडी पाडताना जी घट येते, तिच्या नावाखाली अधिकारी वरकड वसुली करीत. सोनाराच्या घटीचा अनुभव आपल्यालाही आहेच; फरक इतकाच की तेथे काटा, मूस आणि चाबूक तिन्ही सरकारचे. योंगझेंगने ही वसुली बंद केली नाही. १७२४ मध्ये तिचे दर बांधून देऊन ती प्रांताच्या खजिन्यात जमा करायला लावली आणि त्यातून अधिकाऱ्यांना 'सचोटी जोपासण्याची चांदी' या नावाने मूळ पगाराच्या कितीतरी पट भत्ता सुरू केला. चोरवाटेवर सरकारी पाटी लावली, असे कोणी म्हणेल. मला मात्र तो कारभारातला मोठा धीट निर्णय वाटतो. त्याच्याच काळात बहुतेक प्रांतांत डोईपट्टी जमिनीच्या साऱ्यात मिसळली गेली आणि भूमिहीनांच्या डोक्यावरचा तो भार उतरला.

त्याच १७२२ मध्ये जपानात एदोत (आजच्या टोकियोत) शोगुन योशिमुनेला पदरच्या सामुराईंचे वेतन भागवणे जड झाले होते. त्याने दाइम्यो सरदारांकडून दर दहा हजार कोकू उत्पन्नामागे शंभर कोकू तांदूळ मागितला (कोकू म्हणजे साधारण १८० लिटर) आणि बदल्यात त्यांचा एदोतला सक्तीचा मुक्काम निम्म्यावर आणला. १६३५ पासून सरदारांना लगाम घालणारी हजेरी ती हीच. तीच सैल करावी लागली, यावरून तंगीचा अंदाज यावा. १७३० मध्ये ही सवलत मागे घेतली गेली आणि त्याच वर्षी शोगुनाने ओसाकाच्या दोजिमा तांदूळबाजाराला अधिकृत मान्यता दिली. तेथे पोते समोर न आणता वायद्याचे सौदे वहीवरच होत. सामुराईचे वेतन तांदळात आणि खर्च रोखीत, त्यामुळे पीक उदंड आले की भाव कोसळून तोच कर्जात बुडे. म्हणून बड्या व्यापाऱ्यांना हाताशी धरून भाव चढे ठेवण्याची धडपड शोगुनशाही करीत होती. पण १७३२ मध्ये पश्चिम जपानातले भातपीक किडीने बुडवले, भाव भडकले आणि १७३३ च्या आरंभी एदोतल्या जमावाने अशाच एका सरकारी मर्जीतल्या तांदूळ व्यापाऱ्याचे घर फोडले.

ज्या देशात 'काही हलले नाही', तेथली ही अवघ्या अकरा वर्षांची हकिगत आहे. लेखमालेच्या पुढील भागात नागासाकीच्या देजिमा या डच वखारीच्या बेटाशेजारी ओसाकाच्या दोजिमालाही थोडी जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा