इलेक्ट्रॉन विवर्तन नळीसाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या तालुक्यातील बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनचे विवर्तन, म्हणजे स्फटिकातून जाताना इलेक्ट्रॉनांनी लहरींप्रमाणे ठरावीक दिशांना पसरणे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे, यासाठी विज्ञान मंडळाने एक इलेक्ट्रॉन विवर्तन नळी आणि तिला लागणारा ५,००० व्होल्टपर्यंतचा वीजपुरवठा संच विकत घेण्याचे ठरवले आहे. मंडळाची शिल्लक या खर्चाला पुरी पडणारी नाही.

इलेक्ट्रॉन लहरींसारखेही वागतात हे दाखवणारा डेव्हिसन आणि जर्मर यांचा १९२७ सालचा प्रयोग विद्यार्थी पाठ करतात, उत्तरपत्रिकेत त्याची आकृती काढतात आणि विषय तिथेच सुटतो. त्याच सुमारास जी. पी. थॉमसन यांनी अ‍ॅबरडीन येथे अतिशय पातळ पापुद्र्यांतून इलेक्ट्रॉन आरपार पाठवून विवर्तनाची वलये मिळवली होती, आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक डेव्हिसन व थॉमसन यांना विभागून देण्यात आले. स्फटिकातील अणू कसे हलतात हे पाहण्याची आजची एक प्रभावी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

२००३ मध्ये टोरांटो विद्यापीठातील ड्वेन मिलर यांच्या गटाने अवघ्या २० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा लेसरच्या स्पंदाने, म्हणजे क्षणिक झोताने, वितळवून दाखवला आणि त्यातील अणूंची शिस्तबद्ध मांडणी सुमारे साडेतीन पिकोसेकंदांत मोडते, हे इलेक्ट्रॉन विवर्तनाने टिपले. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या वेगाने उघडझाप करणारा कॅमेरा कोठेही मिळत नाही. म्हणून लेसरच्या एकाच स्पंदाचे दोन भाग करतात. पहिला भाग पापुद्र्याला तापवतो, तर दुसरा धातूच्या एका पातळ थरावर पडून त्यातून इलेक्ट्रॉनांचा पुंजका बाहेर काढतो आणि हा पुंजका पापुद्र्यातून आरपार जाऊन त्या क्षणाचे विवर्तनाचे चित्र उमटवतो. दोन्हींमधील वेळेचे अंतर एका आरशाने साधले जाते: आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला, की प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्तीची वाट पडते आणि नेमका एक पिकोसेकंद उशीर होतो. आरसा थोडा थोडा सरकवत घेतलेली चित्रे ओळीने लावली, म्हणजे अणूंची थरथर वाढेल तसतशी वलये फिकी पडत जातात आणि वितळल्यावर केवळ एक पसरट प्रभा उरते, हा सारा क्रम हाती येतो. पापुद्रा जाड असेल तर इलेक्ट्रॉन आतल्या आत पुनःपुन्हा विखुरतात आणि चित्र बिघडते. शिवाय पुंजक्यातील इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटत असल्याने पुंजका वाटेतच फैलावतो, हीदेखील या पद्धतीतील मोठी अडचण आहे.

मंडळाच्या नळीतून ही हालचाल दिसणार नाही, हे देणगीदारांना आधीच स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तसे संशोधन मोठ्या प्रयोगशाळांचेच काम आहे. आमच्या नळीत ग्राफाइटचा पातळ थर असेल आणि समोरच्या पडद्यावर दोन हिरवट वलये उमटतील. व्होल्ट वाढवले की ती आकसतात, कमी केले की पसरतात. त्यांचे व्यास मोजून ग्राफाइटच्या अणुप्रतलांमधील (अणूंच्या समांतर रांगांमधील) ०.२१३ आणि ०.१२३ नॅनोमीटर ही अंतरे विद्यार्थी स्वतः काढू शकतील. हे गणित ज्याने एकदा केले, त्याला वरील संशोधन समजावून सांगणे फारसे अवघड जात नाही, असे मंडळातील शिक्षकांचे मत आहे.

तरी आपण यथाशक्ती देणगी द्यावी, ही नम्र विनंती. धनादेश मंडळाच्या नावे काढावा. रोख रकमेचीही रीतसर पावती दिली जाईल. पुरवठादारांकडून मागवलेली दरपत्रके कार्यालयात कोणालाही पाहता येतील. एखाद्या महाविद्यालयात अशी नळी वापराविना पडून असेल, तर ती उसनी मिळाली तरी आमचा मोठा खर्च वाचेल. प्रयोगासाठी पूर्ण अंधार करता येईल अशी एक खोली हवी आहे आणि तेथील अर्थिंग तपासून देणारा जाणकार वायरमनही हवा आहे, कारण उच्च दाबाच्या विजेशी गाठ असल्याने हा संच शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरला जाईल. जमलेल्या रकमेतून काही शिल्लक राहिल्यास ती नळीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवण्यात येईल.

आपले,
कार्यकारिणी, विज्ञान मंडळ